फोगो बेटावरचं हॉटेल: नफा गावाचा, हातही गावाचे

सागरगोटा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. कोकणात मोठी रिसॉर्ट्स यावीत की नाहीत यावर इथे चर्चा रंगली होती, तेव्हा मी फोगो बेटाचा उल्लेख केला होता. दोघातिघांनी सविस्तर लिहायला सांगितलं. प्रतिसादात मावणारं प्रकरण नव्हतं, म्हणून वेगळा धागा काढतेय. लांब झालाय, सवडीने वाचा.

फोगो हे कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या ईशान्य किनाऱ्यापलीकडचं बेट. लांबी साधारण २५ किलोमीटर, वस्ती दोन हजारांच्या आसपास, तीही जो बॅट्स आर्म, टिल्टिंग, सेल्डम, डीप बे अशा लहान लहान गावांत विखुरलेली. गँडर विमानतळावर उतरायचं, तासभर गाडीने फेअरवेलच्या धक्क्यावर यायचं आणि फेरीबोट पकडायची. हवा बिघडली की फेरी रद्द. बेटावर उघडे खडक, शेवाळ, स्प्रूसची खुरटी सूचिपर्णी झाडं आणि अखंड वारा. मार्चमध्ये समुद्रावर बर्फाच्या लाद्या गच्च दाटतात, मे-जूनमध्ये हिमनग वाहत येतात. अशा जागी २०१३ साली २९ खोल्यांचं 'फोगो आयलंड इन' सुरू झालं. भाडं रात्रीला दोन हजार कॅनेडियन डॉलरच्या पुढे, जेवणखाण धरून. आम्ही गेलो ते नवऱ्याच्या निवृत्तीचं निमित्त करून. त्यासाठी बरीच वर्षं पैसे बाजूला टाकत आलो होतो.

भाड्याचा आकडा वाचून कृपया पान बंद करू नका. या हॉटेलाला नफा घरी नेणारा मालकच नाही. ते एका धर्मादाय संस्थेचं आहे आणि उरलेला पैसा बेटाच्या कामी लागतो. माझ्या दृष्टीने सगळं महत्त्व या एका गोष्टीला आहे. ते का, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

फोगोवर अठराव्या शतकापासून इंग्लंड आणि आयर्लंडमधून आलेली कुटुंबं राहतात. सगळं जगणं कॉड या एका माशावर. पुरुष होडीतून मासा आणणार, तो चिरून, खारवून, लाकडी माचांवर उन्हावाऱ्यात सुकवायचं काम बायका-मुलांनीही करायचं. रोकड हातात जवळजवळ यायचीच नाही. सुका मासा व्यापाऱ्याला घालायचा आणि त्याच्याकडून पीठ, साखर, मीठ, दोर, कापड उधारीवर उचलायचं. भाव व्यापारी ठरवणार, वहीसुद्धा त्याचीच. पिढ्यान् पिढ्या हेच चाललं.

विसाव्या शतकाच्या मध्यावर खोल समुद्रात परदेशी कारखानी ट्रॉलर, म्हणजे प्रचंड जाळं ओढत नेणाऱ्या बोटी, आले. पकडलेला मासा बोटीवरच साफ करून गोठवायची सोय. १९६८ साली या पट्ट्यातली कॉडची पकड ८ लाख टनांवर गेली, त्यानंतर ती कधीच तिथे पोहोचली नाही. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांची हद्द जाहीर केली, परदेशी बोटी मागे हटल्या, पण त्यांच्या जागी कॅनडाचेच ट्रॉलर लागले. किनाऱ्यावरचे छोटे मासेमार ओरडत होते की जाळ्यात येणारा मासा दरवर्षी लहान होतोय. त्यांचं ऐकलं गेलं नाही. २ जुलै १९९२ला सरकारने कॉडच्या मासेमारीवर बंदी घातली आणि एका फटक्यात सुमारे ३० हजार माणसं बेकार झाली. बंदी दोन वर्षांची म्हणून सांगितली होती. ती उठली २०२४ साली.

झिटा कॉब या जो बॅट्स आर्मच्याच. मासेमाराचं घर, सात भावंडं, लहानपणी घरात वीज नाही, नळ नाही. ओटावाला शिकल्या, पुढे फायबर ऑप्टिक्सच्या धंद्यातल्या जेडीएस युनिफेज कंपनीत वित्त विभागाच्या सर्वोच्च पदावर गेल्या आणि भरपूर पैसा कमावून चाळिशीतच नोकरीतून बाहेर पडल्या. बेटासाठी काहीतरी करायचं म्हणून त्यांनी आधी मुलांना शिष्यवृत्त्या द्यायला सुरुवात केली. एका सभेत गावातल्या एका आईने त्यांना सरळ सांगितलं की तुम्ही आमच्या मुलांना गाव सोडायचे पैसे देताय. शिकलेला मुलगा परत येऊन करणार काय, हा तिचा प्रश्न होता. मग झिटाबाई आणि त्यांचे दोन भाऊ, अँथनी आणि अॅलन, यांनी 'शोअरफास्ट' ही संस्था काढली. त्यांचा स्वतःचा पैसा, शिवाय केंद्र आणि प्रांत सरकारचा हातभार, यातून हे हॉटेल उभं राहिलं.

आता आत काय आहे ते. पलंगावर गोधडी असते, तिथल्या बायकांनी हाताने शिवलेली. आमच्या खोलीतल्या गोधडीत एका निळ्या चौकड्याच्या तुकड्याची वीण थोडी वेगळी होती, टाके जास्त जवळ जवळ. एकाच गोधडीवर दोन हात बसले होते हे उघड दिसत होतं. खुर्च्या, टेबलं, कपाटं बेटावरच्या होडी बांधणाऱ्यांनी केलेली. लंडन, हॉलंड, माँट्रियलहून आलेले डिझायनर बेटावर राहिले आणि या लोकांबरोबर बसून त्यांनी ती घडवली. खोलीतून दिसतो तो फक्त समुद्र. प्रत्येक खोलीतून.

आलेल्या प्रत्येक पाहुण्याबरोबर अर्धा दिवस गावातलं एक माणूस देतात. आमच्याबरोबर ज्या बाई होत्या त्यांची उमर मासे साफ करायच्या कारखान्यात गेलेली. त्यांनी आम्हाला टिल्टिंगला नेलं. हे आयरिश वळणाचं गाव, राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर झालेलं. बटाट्या-कोबीची कुंपण घातलेली परसं, खाडीवर लाकडी खांबांवर उभ्या मासे चिरायच्या खोपी. एका खोपीत एक आजोबा 'पंट' बांधत होते. पंट म्हणजे वल्ह्याची लहान लाकडी होडी. नकाशा वगैरे काही नाही. भिंतीला तीन पातळ लाकडी फर्मे टांगलेले, त्यांच्या आजोबांचे, कडेने खुणा केलेले. ते तीन फर्मे एकमेकांवर ठेवून खुणेखुणेने सरकवले की होडीच्या एकेका फासळीचा आकार मिळतो. फासळीचं लाकूड हिवाळ्यात रानात जाऊन शोधायचं, जन्मतःच वाकलेलं. सरळ लाकूड कापून वाक दिला तर धागा तुटतो आणि लाटेत फासळी तिथेच जाते. त्यांनी मला एक मुळाकडचा तुकडा हातात दिला आणि धागा कसा वळतो ते बोटाने दाखवलं. आमच्यासाठी त्यांनी काही वेगळं केलं नाही, आम्ही निघालो तेव्हा ते परत रंध्याला लागले.

इथे मला आपल्याकडचे स्वागत आठवतात. दारात पाहुण्याला हार, नटूनथटून उभी केलेली मुलं, रात्री अर्ध्या तासाचं लोकनृत्य, आणि सकाळी त्याच मुलांच्या हातात झाडू. संस्कृती दाखवायची वस्तू झाली की ती पाहुणा गेल्यावर गुंडाळून ठेवतात. फोगोवर होडी बांधणाऱ्याला होडीचे आणि खुर्चीचे पैसे मिळतात, गोधडीचे शिवणारीला मिळतात, आणि वर उरलेला नफासुद्धा गावातच राहतो. म्हणून ती कला टिकतेय. हे माझं ठाम मत आहे, वाद घालायला हरकत नाही.

देवबागची लाट

बरा लिवलंस गो बाय! वाचताना कॉडच्या जागी बांगडो दिसत होतो.

आता प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर पुणेकर ओरडतील. तुम्ही ट्रॉलरचं लिहिलंत ते आम्ही डोळ्यांनी बघतोय. आमच्याकडे रापण होती, अजून थोडी आहे. जाळं ओढायला किनाऱ्यावर जो हात लावेल त्याला वाटा. पर्ससीनच्या (माशांच्या थव्याला मोठ्या जाळ्याने वेढून उचलणाऱ्या) आणि एलईडीच्या (रात्री प्रखर दिव्यांनी मासा ओढून घेणाऱ्या) बोटी आल्या आणि रापणीत येणारा मासा आटला. २०१६ साली राज्याने पर्ससीनवर निर्बंध आणले, २०१७ साली केंद्राने एलईडीवर बंदी घातली, पण रात्री समुद्रावर दिवे दिसतात ते दिसतातच. जून-जुलैची पावसाळी मासेमारीबंदी मात्र छोट्या माणसाने पाळायची.

माझा प्रश्न सरळ आहे. त्या हॉटेलात गावातली माणसं कुठल्या जागेवर आहेत? आमच्याकडे ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची मुलं गेटवर वॉचमन आहेत. मॅनेजर बाहेरचा, शेफ बाहेरचा, पार्टनर मुंबईचा.

रेघोट्या

छान धागा. मी वास्तुरचनाकार, त्यामुळे थोडी भर.

इमारत टॉड सॉन्डर्स यांची. ते मूळचे गँडरचे, काम नॉर्वेतल्या बर्गेनमधून करतात. वरून पाहिलं तर इंग्रजी एक्स अक्षर दिसतं. दुमजली हात सार्वजनिक भागाचा, चौमजली हात किनाऱ्याला समांतर आणि त्यात सगळ्या खोल्या. समुद्राकडचं टोक खडकावर तिरक्या खांबांवर उभं आहे. मासेमारांच्या खोपी जशा खांबांवर असतात तीच ही रीत. खडक फोडून सपाट केला नाही. बाहेरून स्प्रूसच्या फळ्या. पावसाचं पाणी छतावरून गोळा करतात, गरम पाण्याला आणि घर उबदार ठेवायला लाकडाचे बॉयलर आणि सौर पॅनल.

मला यातली पटलेली गोष्ट म्हणजे त्यांनी जुन्या घराची नक्कल केली नाही. आपल्याकडे 'पारंपरिक' म्हटलं की जांभ्याचं क्लॅडिंग चिकटवायचं, आत सिमेंटच. वर नळीची कौलं, तीही काँक्रीटच्या स्लॅबवर. सॉन्डर्सनी आकार पूर्ण नवा घेतला आणि सुताराचं ज्ञान जुनं घेतलं. आधी याच बेटावर त्यांनी कलाकारांसाठी छोटे स्टुडिओ बांधले होते, टिल्टिंगचा स्क्विश, डीप बेचा ब्रिज, जो बॅट्स आर्मचा लाँग आणि शोल बेचा टॉवर. तिथे स्थानिक सुतारांचा हात बसला आणि मग मोठं काम हातात घेतलं. क्रम महत्त्वाचा आहे.

हिशेबी

लेख मनापासून लिहिलाय हे दिसतं, पण मला काही गोष्टी खटकतात, त्या मांडतो.

एक, रात्रीला दोन हजार डॉलर म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या आसपास. अतिश्रीमंतांच्या खिशावर उभा राहिलेला गाव हा व्यापाऱ्याच्या वहीवर उभ्या राहिलेल्या गावापेक्षा किती वेगळा? तेव्हा कॉडवर अवलंबून होते, आता पाहुण्यांवर. साथ आली, विमानं बंद पडली, की काय?

दुसरं, हे सगळं एका श्रीमंत बाईच्या देणगीतून झालं. बँकेचं कर्ज काढून, व्याज भरून हे हॉटेल उभं राहिलं असतं का? नसेल तर त्याला धर्मादाय काम म्हणावं, आदर्श म्हणू नये. कारण आदर्श म्हटलं की उद्या कुणीतरी वेंगुर्ल्यात तसं करायला जाईल आणि बुडेल.

तिसरं, हॉटेल आलं की जमिनीचे भाव वाढतात. गावातल्या तरुण जोडप्याला घर परवडतं का, हे कुणी विचारलं का?

सागरगोटा

@देवबागची लाट, आम्ही होतो तेव्हा स्वयंपाकघरात बाहेरून आलेले शेफ होते, तसे बेटावरचेही. समोरच्या कामांवर, घरकामावर, गाड्यांवर, पाहुण्यांबरोबर फिरायला बहुतेक बेटावरचेच. वॉचमन मला दिसलाच नाही. पण खरा फरक हुद्द्यांत नाही. तुमच्याकडे मॅनेजर गावचा केला तरी वर्षअखेरचा नफा मुंबईला जाणार. फोगोवर तो शोअरफास्टकडे येतो आणि तिथून बेटावर.

@हिशेबी, तुमच्या तिन्ही मुद्द्यांचा मी विचार केलाय.

पाहुण्यांवरच गाव उभं नाही. मासेमारी अजून बेटाचा कणा आहे. बंदीनंतर ते खेकडा आणि कोळंबीकडे वळले आणि त्यातून भागवलं. शोअरफास्टने हातगळाने पकडलेला कॉड चांगल्या भावाने घेऊन मोठ्या शहरांतल्या उपाहारगृहांना विकायचं कामही सुरू केलं. गळाने एकेक पकडलेला मासा मार लागलेला नसतो, त्यामुळे त्याला भाव मिळतो आणि समुद्रही खरवडला जात नाही. हॉटेल म्हणजे मासेमारीच्या शेजारी उभा केलेला दुसरा पाय आहे.

देणगीबद्दल: भांडवल देणगीचं होतं हे खरंच. पण आपल्याकडे रिसॉर्टला सरकारी जमीन सवलतीत मिळते, रस्ता सरकार बांधतं, करात सूट मिळते. तोही लोकांचाच पैसा. तिथे मात्र त्या पैशाच्या बदल्यात गावाचा हक्क कुणी मागत नाही. माझं म्हणणं असं की सार्वजनिक पैसा लागला असेल तर नफ्यातला वाटा आणि निर्णयातला आवाज गावाला मिळालाच पाहिजे. त्यासाठी झिटाबाईंसारखी व्यक्ती सापडायची वाट बघायला नको.

घरांचा मुद्दा गंभीर आहे. आमच्याबरोबरच्या बाईंनीही तो काढला. जुनी घरं बाहेरची माणसं सुट्टीसाठी घेतात आणि हिवाळ्यात ती बंद असतात. हॉटेलमुळे बेटाचं नाव झालं, त्याचा हा परिणाम. यावर तोडगा निघालाय असं मी म्हणणार नाही.

उत्तरायण

न्यूफाउंडलंडच्या राजधानीत, सेंट जॉन्सला, मेमोरियल विद्यापीठात आहे, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही. लेख आवडला, पण सगळं श्रेय कॉब घराण्याला जातंय. त्याच्या कितीतरी आधी या बेटाने स्वतःला वाचवलं आहे.

१९५४ ते १९७५ या काळात इथल्या सरकारने दूरच्या वाड्या उठवून माणसं मोठ्या गावांत हलवायचा कार्यक्रम राबवला. शाळा, दवाखाना, वीज सगळीकडे नेणं परवडत नाही, तुम्हीच इकडे या, असा हिशेब. कित्येक ठिकाणी लोकांनी घरं पाण्यावर तरंगवून, होडीने ओढून नवीन जागी नेली. रिकाम्या झालेल्या वाड्या अजून किनाऱ्यावर दिसतात. फोगोवरही तीच तलवार टांगलेली होती.

१९६७ साली आमच्या विद्यापीठाचा विस्तार विभाग आणि कॅनडाचं राष्ट्रीय चित्रपट मंडळ मिळून बेटावर गेले. दिग्दर्शक कॉलिन लो. त्यांनी २७ लहान लहान चित्रफिती केल्या, मासेमार, बायका, लग्नघर, होडी बांधणं, सभा. आणि मग त्या सरकारदरबारी नेण्याआधी बेटावरच्याच वेगवेगळ्या गावांत दाखवल्या. तोपर्यंत प्रत्येक गाव वेगळं. इकडे प्रॉटेस्टंट, तिकडे कॅथलिक, शाळासुद्धा वेगळ्या. पडद्यावर शेजारच्या गावचा माणूस आपलंच रडगाणं गातोय हे बघून लोक एकत्र आले. नंतर त्या चित्रफिती सरकारला दाखवल्या आणि मंत्र्यांची उत्तरंही चित्रित करून परत बेटावर आणली. लोकविकासात कॅमेरा वापरायच्या या पद्धतीला जगभर 'फोगो प्रोसेस' म्हणतात.

त्यातून मासेमारांची सहकारी संस्था उभी राहिली. व्यापारी सोडून गेले होते, त्यांचे कारखाने लोकांनी चालवायला घेतले, मोठ्या बोटी बांधल्या. ती संस्था आजही बेटावरच्यांच्याच मालकीची आहे आणि खेकडा, कोळंबी तिच्याच कारखान्यात जातात. १९९२च्या बंदीत आजूबाजूची गावं रिकामी झाली तेव्हा फोगो तगलं ते हिच्या जोरावर. हॉटेल आलं ते अशा गावात, जिथे एकत्र बसून निर्णय घ्यायची सवय आधीच होती.

देवबागची लाट

उत्तरायण, हे फार मोलाचं लिहिलंत. मच्छीमार सोसायट्या आमच्याकडेही आहेत. डिझेलचा परतावा आणि बर्फ यापलीकडे त्यांचा विचार जात नाही, कारण कुणी तसं विचारलंच नाही. गाव एका पडद्यासमोर बसवायची कल्पना डोक्यात घोळतेय.

निळी शाई

गोधडी शब्द वाचून थांबले. त्या गोधड्या किती वेळात होतात? आणि बायकांना तासावर पैसे मिळतात की नगावर? आमच्या बचतगटाच्या गोधड्या पुण्यात एका दुकानात तिप्पट भावाने दिसतात, आमच्या हाती येतं ते सुताच्या खर्चातच जातं.

सागरगोटा

निळी शाई, हिशेब नेमका कसा होतो हे मी त्यांना विचारलं नाही, त्यामुळे अंदाजाने सांगत नाही. पण बायकांचा कारागीर संघ आहे, त्या एकत्र बसून शिवतात, आणि गोधड्या विकायचं दुकान त्यांच्याच गावात आहे. मधला दुकानदार नाही. जुने नमुने आहेत. पूर्वी हे काम पिठाच्या पोत्यांपासून आणि फाटक्या शर्टांपासून व्हायचं, थंडीत पांघरायला. विकायची वस्तू ती नव्हतीच. आता विकली जाते, पण घरी पांघरलीही जाते.

आणि हे तुम्हाला आवडेल. शोअरफास्टच्या वस्तूंवर आणि हॉटेलच्या सेवेवर एक लेबल असतं, बिस्किटांच्या पुड्यावर पोषणाचा तक्ता असतो तसं. तुम्ही दिलेल्या पैशातला किती भाग मजुरीला गेला, किती सामानाला, किती चालवण्याच्या खर्चाला, किती शिल्लक राहिला आणि ती शिल्लक कुठे जाते. त्याच्याखाली भूगोल: किती पैसा बेटावर राहिला, किती उरलेल्या न्यूफाउंडलंडमध्ये, किती कॅनडात, किती बाहेर. पुण्यातल्या त्या दुकानाला असं लेबल लावायला लावलं तर काय होईल याचा विचार करा.

हिशेबी

हे लेबल मला आवडलं. माझा आदर्शाबद्दलचा आक्षेप कायम आहे, पण हे लेबल उद्या सकाळी कुणीही सुरू करू शकतं, त्याला देणगीदार लागत नाही. माझ्या ओळखीत एक होमस्टे चालवणारे आहेत, त्यांच्या ताळेबंदातून असा तक्ता काढून बघतो. मासे कुठून घेतले, भाजी कुठली, पगार कुणाला, बुकिंगच्या वेबसाइटचं कमिशन किती. कमिशनचा आकडा वाचून त्यांना घेरी येईल असं वाटतं.

रेघोट्या

हिशेबी, तो तक्ता इथे जरूर टाका (नाव न देता).

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासूनचा रोख किनाऱ्यावरच आहे, स्कूबा आणि बनाना बोट. सावंतवाडीच्या राजवाड्यात अजून गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने गोल पत्ते, हाताने रंगवणारे कारागीर बसतात. पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्या आहेत, परशुराम गंगावणे यांना २०२१ची पद्मश्री मिळाली. पण जिल्ह्यातल्या किती हॉटेलांनी त्यांच्याकडून एखादं दार, एखादी खुर्ची, एखादी भिंत पैसे देऊन करून घेतलीय? दिसतात त्या छापील पोस्टरवरच्या वारली आकृत्या, ज्या इथल्या नाहीतच.

देवबागची लाट

वारली म्हटल्यावर पालघरवाले रागावतील आणि आम्हीपण. अगदी खरं आहे.

मीठभाकरी

जेवणाबद्दल कुणीच बोलत नाही! शाकाहारी माणसाचं काय होतं तिथे?

सागरगोटा

मीठभाकरी, हॉटेलात आधी कळवलं तर नीट करतात. बटाटा, गाजर, सलगम, कोबी, बेटावरच्याच परसातलं. बेरी भरपूर: दलदलीत उगवणारी केशरी बेकअॅपल आणि लाल, आंबट पार्ट्रिजबेरी. सकाळी खोलीच्या दाराशी कॉफी आणि ताजी भाजलेली पावरोटी ठेवून जातात. गावातल्या घरी मात्र विचारून खा. टाउटन म्हणून ब्रेडच्या कणकेचे तळलेले तुकडे काकवीबरोबर देतात, ते बऱ्याचदा डुकराच्या चरबीत तळलेले असतात. खारवलेला कॉड आणि भिजवलेला कडक पाव एकत्र करून 'फिश अँड ब्रूइस' करतात, त्यावरही चरबीच. मासे खाणाऱ्याने ते खावंच. आपल्या सुक्या माशाच्या माणसाला ती चव परकी वाटत नाही.

कुतूहल

टोरांटोला असतो, पुढच्या वर्षी जायचा विचार आहे, पण हॉटेल खिशाबाहेरचं. हॉटेलात न राहता बेट बघण्यात अर्थ आहे का? मुलं बरोबर आहेत.

सागरगोटा

कुतूहल, जरूर जा. बेटावर लोकांनी चालवलेल्या खाणावळी आणि घरगुती मुक्कामाच्या जागा आहेत, आणि तुमचा पैसा थेट त्या घरात जातो. टिल्टिंगचं लेन हाउस संग्रहालय मुलांना दाखवा. फोगो गावाशेजारच्या ब्रिमस्टोन हेडवर चढा, लाकडी पायऱ्या आहेत. पृथ्वी सपाट आहे असं मानणाऱ्या एका मंडळाने ते पृथ्वीच्या चार कोपऱ्यांपैकी एक ठरवलंय, मुलांना याची मजा वाटेल. जो बॅट्स आर्मच्या टोकाला चालत गेलात तर ग्रेट ऑक या नामशेष झालेल्या पक्ष्याचा ब्राँझचा पुतळा आहे, फंक बेटाकडे तोंड करून उभा. त्या बेटावर हे पक्षी प्रचंड संख्येने होते. खलाशांनी ते मांसासाठी आणि पिसांसाठी मारून संपवले. मुलांना ही गोष्ट तिथे उभं राहून सांगा.

कधी जायचं ते तुम्हाला काय बघायचंय त्यावर. बेटावरची माणसं वर्षाचे सात ऋतू मोजतात: हिवाळा, बर्फाच्या लाद्यांचा काळ, वसंत, जाळी लावायच्या जागा धरायचा जून, उन्हाळा, बेरीचा काळ आणि उशिराचा शरद. हिमनग हवे असतील तर मेअखेर ते जून, बेरी हवी असेल तर सप्टेंबर. उन्हाळ्यात पंट होड्यांची शर्यत असते, शेजारच्या चेंज आयलंड्सपर्यंत वल्हवत जायचं आणि परत. तारखा आधी बघून घ्या.

फेरीला गाडीचं आरक्षण नसतं, जो आधी येईल तो आधी चढतो. उन्हाळ्यात फेअरवेलला रांग लांब असते, तेव्हा सुटायच्या वेळेच्या बरंच आधी पोहोचा आणि मुलांसाठी खाणं बरोबर ठेवा, धक्क्यावर फारसं काही मिळत नाही.